बिस्किटांच्या डब्यातली तिकिटं

आईचं नाव मी सांगणार नाही. ती गेली, तिच्याबरोबर नावही गेलं. गावात त्याच नावाची आणखी एक मुलगी आहे, तिला आता सगळे कुनमनारा म्हणतात, म्हणजे जिचं नाव घ्यायचं नाही ती. आमच्या वाळवंटात गेलेल्याला हाक मारत नाहीत, त्याचा चेहरा बघत नाहीत. नाहीतर ते माणूस इथून निघणार कसं?

आई चित्रं काढायची. टपालखात्याने तिकिटासाठी तिचा फोटो मागितला तेव्हा ती चांगली धडधाकट होती. "छापा की," म्हणाली. "सगळा देश माझ्या पाठीला थुंकी लावणार!" धाकटी आई, म्हणजे तिची बहीण, हसता हसता चहा सांडून बसली.

तिकिटं बाजारात आली तोवर आईला पुरून झालं होतं. आम्ही घर सोडलं, केस कापले, फोटो पालथे केले. आणि विमानाच्या टपालातून आई यायला लागली. नखाएवढी, हसरी. शहरातले लोक आमच्याकडे पाठवायच्या पाकिटांवर हटकून तेच तिकीट लावायचे, यांच्याच बाईचं म्हणून. असलं प्रेम जळो!

टपाल केविनच्या दुकानात येतं. केविन गोरा, पण माणूस चांगला. त्याच्यापुढे मी एकदा रडले. "लोर्ना, मी बघतो," म्हणाला. तेव्हापासून आईचा चेहरा दिसला की तो पत्ताही न वाचता पाकीट बिस्किटांच्या डब्यात पालथं टाकायचा. सुतक संपलं की वाटणार होता. म्हाताऱ्यांनी त्याची पाठ थोपटली. मी त्याला कांगारूची शेपटी भाजून दिली.

धाकट्या आईच्या किडन्या गेल्या होत्या. शहरातल्या इस्पितळात मशीनवर जागा झाली की पत्र येणार होतं. आमच्या दवाखान्यातली नर्स सोडून गेलेली, फोन उचलायला कुणी नाही. विमान आलं की धाकटी आई सुजलेले पाय ओढत दुकानात हजर.

"केविन, माझं पत्र?"

"नाही आलं, मावशी."

"त्या मशीनला दुसरी कुणी भेटली वाटतं!"

पुढे ती हसेनाशी झाली. मग चालेनाशी झाली.

शेवटी विमानाने डॉक्टर आला. तिला बघून ओरडलाच, "आला का नाहीत? दोनदा कळवलं! जागा दुसऱ्याला दिली."

केविन पळत जाऊन डबा घेऊन आला. दोन्ही पाकिटं त्यातच होती. तिकिटावर अंगठा दाबून त्याने पत्र वाचलं.

"अंगठा काढ," धाकटी आई म्हणाली.

"नको गं, आई!" मी ओरडले.

तिने स्वतःच त्याचा अंगठा सरकवला आणि बघत राहिली. "ताई बोलवायला आली होती गं. दोनदा आली. आपण तिला डब्यात कोंडलं."

मला राग कुणावर काढायचा तेच कळेना. सगळेच चांगले वागले होते. एखादा जरा वाईट वागला असता तर ती वाचली असती. तिला विमानात चढवलं, पण शहर यायच्या आतच ती गेली.

पुढच्या आठवड्यात टपालाचं पोतं आलं. केविन त्याला हात लावेना, म्हणून मीच उघडलं. वरच्याच पाकिटावर आई हसत होती. मी नजर न वळवता पत्ता वाचला.

पाकीट धाकट्या आईच्या नावाचं होतं. मी ते फोडलं. मशीनवरची जागा पुन्हा रिकामी झाली होती.