तीनशे दोनची गळती

राजेश्रीनं परातीत पीठ घेतलं, पाण्यासाठी नळ सोडला, तर नळ दोनदा फुरफुरला आणि बंद पडला. एका शेगडीवर वरण रटरटत होतं. चिरलेली वांगी काळी पडायला लागली होती. दुपारच्या आत कृषी विद्यापीठातल्या पोरापोरींचे डबे जायला हवे होते. तिनं पिठाच्या हातानंच मोबाइल उघडला. पडद्यावर लाल अक्षरं होती: ‘घर क्रमांक ३०२. पाणी गळत आहे. पुरवठा बंद केला आहे.’

“पुन्हा!” ती ओरडली.

आतल्या खोलीतून सासूबाई, बायनाबाई, भिंतीला धरत आल्या. “आता कुठं गळायलंय गं?”

“कुठंच न्हाई, आत्या. बघा तुमीच. घर कोरडं ठणठणीत हाय.”

कारेगाव रोडवरच्या त्या चार मजली इमारतीत ही यंत्रणा बसून फार दिवस झाले नव्हते. मागच्या उन्हाळ्यात एका बंद घरात पाइप निसटला आणि गच्चीवरची सगळी टाकी रिकामी झाली. महानगरपालिकेचं पाणी आठ-आठ दिवस येत नव्हतं. माणसं टँकरमागं हंडे घेऊन पळाली. तेव्हा सेक्रेटरी दिनकररावांनी सभा घेऊन सगळ्यांना तयार केलं. प्रत्येक घरात सिंकखाली त्या घराच्या क्रमांकाशी जोडलेली, तळहाताएवढी पांढरी चकती ठेवायची. तिला पाणी लागलं की त्या घराच्या पाण्याचा वॉल आपोआप बंद होणार. तेव्हा राजेश्रीनंही हात वर केला होता. कल्पना चांगलीच होती.

पण बंद झालेला वॉल पुन्हा उघडायचा तर ते फक्त दिनकररावांच्या मोबाइलवरून जमायचं. दिनकरराव निवृत्त मुख्याध्यापक. वॉल उघडण्याआधी ते कारण विचारायचे, पोरानं वर्गाबाहेर जायची परवानगी मागावी तसं.

आज शनिवार. दिनकरराव पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलेले. राजेश्रीनं फोन लावला, पुन्हा लावला. घंटी वाजून वाजून बंद पडली. शेवटी तिनं कळशी घेतली आणि खाली बोअरच्या नळावर गेली. तीन मजले उतरायचे, भरलेली कळशी घेऊन चढायचे. नवरा परमेश्वर गंगाखेडच्या साखर कारखान्यात कामाला. हंगाम चालू असल्यानं तो तिकडंच राहायचा. मदतीला कुणी नव्हतं. डबे गेले तेव्हा दुपार कलायला आली होती, आणि पोळ्यांऐवजी भात जास्त होता.

दिनकरराव संध्याकाळी परतले. जिन्यातच तिनं त्यांना गाठलं.

“काका, तुमी फोन का घेतला न्हाई?”

“मंदिरात फोनचा आवाज बंद ठेवतो मी. ताई, मशीन उगाच बंद करत नाही. तुमच्याकडं कुठंतरी पाझरत असणार. डब्यांचा धंदा म्हणजे भांडी-कुंडी, सांडलवंड…”

“सांडत न्हाई माझ्याकडं काही.”

“मग मशीनला स्वप्न पडलं का?” असं म्हणून त्यांनी मोबाइलवर अंगठा दाबला आणि पाणी सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत गेलं.

मग चकत्या बसवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. नागनाथ त्याचं नाव. त्यानं सिंकखाली बॅटरी मारली, मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, आतल्या पाइपला गळती हाय. फोडावं लागतंय.”

“दिसत तर न्हाई कुठं ओल.”

“आतून असती ती. दिसत न्हाई.”

सिंकमागच्या फरशा फोडल्या. ओट्यावर, डाळीच्या डब्यांवर, देवघरातल्या वातींवर सगळीकडं सिमेंटची धूळ बसली. आतला पाइप कोरडा निघाला. नागनाथनं त्याच्यावरून बोट फिरवलं, बोट पँटीला पुसलं आणि म्हणाला, “मग बाथरूममधून येत असंल.”

“आता बाथरूम फोडायलेत का तुमी?”

“मशीन चुकत न्हाई, मॅडम.”

तिनं त्याला बाहेरचा दरवाजा दाखवला.

त्या आठवड्यात पाणी रोज जायला लागलं. दिनकररावांनी अंगठा दाबायचा, नळ थोडा वेळ चालायचा, की पुन्हा लाल अक्षरं. बायनाबाईंना गुडघ्यामुळं जिना उतरणं जमत नव्हतं; त्या सकाळी आंघोळीविना बसून राहायच्या आणि देवाची पूजाही करायच्या नाहीत. ऋतिका नावाची एक मुलगी राजेश्रीकडं पहिल्या वर्षापासून जेवायची. ती संकोचत म्हणाली, “काकू, प्रॅक्टिकलच्या आधी जेवण मिळत नाही. मी दुसरीकडं लावते डबा.” तिच्यामागं तिच्या खोलीतल्या मुलीही गेल्या. राजेश्रीला राग त्या पोरींचा आला नाही. राग कुणाचा करावा हेच कळत नव्हतं. भांडायला समोर माणूस असावा लागतो. इथं एक चकती होती आणि तिची बाजू घेणारे दोन पुरुष.

त्यातच स्वयंपाकघराच्या छताला पिवळट डाग धरला. तिनं दिनकररावांना बोलावून दाखवला.

“वरचं घर तर बंद आहे,” ते म्हणाले. “आश्रुबा आणि लक्ष्मीबाई पाथरीकडं गावी असतात, दवाखान्यापुरते येतात. आणि त्यांच्या घरची चकती कोरडी आहे. हे बघा, चारशे दोन, हिरवा. हा तुमच्या फोडणीचा धूर असणार.”

“धुरानं छत ओलं होतं का, काका?”

ते मोबाइल खिशात टाकून जिना उतरले.

दुसऱ्या सकाळी कणीक तिंबतानाच पाणी गेलं, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं हात धुतले नाहीत, पुसले. सिंकखालची चकती उचलली, साडीच्या पदरानं घासून कोरडी केली, पोह्यांचा मोठा स्टीलचा डबा रिकामा करून त्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं. तो डबा काखेत मारून ती सरळ पहिल्या मजल्यावर दिनकररावांच्या घरात शिरली. ते चहा पीत होते. तिनं डबा त्यांच्या टेबलावर आदळला.

“ह्यात चकती हाय. आता करा चालू.”

“ताई, जरा शांत—”

“करा म्हणते ना!”

त्यांनी अंगठा दाबला. दोघं मोबाइलकडं पाहत बसले. चहावर साय धरली. काही वेळानं मोबाइल किंचाळला: ‘घर क्रमांक ३०२. पाणी गळत आहे.’

दिनकररावांनी डब्याचं झाकण उघडलं. चकती हातात घेतली, उलटी केली, अंगठ्यानं चाचपली. कोरडी. त्यांचा चेहरा उतरला.

“मग ओली कुठली चकती आहे?” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

राजेश्रीनं वर बोट केलं. “ज्या दिवशी बसवल्या त्या दिवशी सगळ्या चकत्या एकाच पिशवीत होत्या. मी पाहिल्या. माझी वर गेली आणि वरची माझ्याकडं आली. माझ्या नावाची चकती वर भिजायलीय, आणि पाणी माझं बंद व्हायलंय. वरचं चालूच हाय.”

दिनकररावांनी घाईघाईनं चारशे दोनचं पाणी बंद केलं आणि आश्रुबांना फोन लावला. नवरा-बायको मिळेल त्या जीपनं निघाले, दुपारी पोचले.

दार उघडलं तसं आतून कुबट, आंबूस वास बाहेर आला. पाणी शुद्ध करायच्या यंत्राची बारीक नळी निसटली होती. बरंच पाणी मोरीतून वाहून गेलं होतं, उरलेलं खोल्यांत पसरलं होतं. भिंतीशी ज्वारीची पोती रचलेली होती. गावच्या घरात उंदीर फार, म्हणून यंदाची ज्वारी त्यांनी इथं आणून ठेवली होती. खालच्या पोत्यांच्या शिवणीतून पांढरे-हिरवे कोंब बाहेर आले होते. चौथ्या मजल्यावर, बंद घरात, शेत उगवलं होतं.

लक्ष्मीबाई पोत्याशी खाली बसल्या. “पेरलं तवा इतकं चांगलं उगवलं न्हाई,” त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. आश्रुबा भिंतीला टेकून नुसते उभे राहिले.

दिनकरराव दारातच थांबले होते. घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे… मशीननं तसं बरोबरच सांगितलं होतं. पाणी गळतच होतं.”

राजेश्री वळली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं.

“काका, तुमच्या मशीननं बरोबर सांगितलं आणि माझ्या घराच्या फरशा फुटल्या. बरोबर सांगितलं आणि ह्या बाईची ज्वारी सडली. मी छत दाखवलं, तुमी हिरवा दिवा दाखवला. एकदा, फक्त एकदा जिना चढून ह्या दाराला हात लावला असता तर उंबऱ्याखालची ओल हाताला लागली असती. तुमी न्हाई चढलात. आणि मीबी चढले न्हाई, कारण तुमी मला माझ्याच घरात गळती शोधायला लावलं!”

जिन्यात शेजारीपाजारी जमले होते. दिनकररावांनी कुणाकडं पाहिलं नाही. ते चप्पल काढून त्या घाणेरड्या पाण्यात उतरले आणि वरचं कोरडं पोतं उचलायला लागले. वयाच्या मानानं ते त्यांना झेपत नव्हतं. आश्रुबांनी दुसरं टोक धरलं. दोघांनी एकेक करून पोती गच्चीवर नेली.

नागनाथला बोलावून चकत्या बदलून घेतल्या. तो म्हणाला, “होतं असं कधी कधी.” राजेश्रीनं त्याला सगळ्या घरांच्या चकत्या एकेक करून ओल्या करायला लावल्या आणि कुणाचं पाणी बंद होतं ते त्याच्यासमोरच पाहिलं. आणखी दोन घरांच्या चकत्यांची अदलाबदल झालेली निघाली. शिवाय प्रत्येक घराला पाणी सुरू करायला हातानं फिरवायची साधी चावी बसवल्याशिवाय तिनं त्याला जाऊ दिलं नाही.

ऋतिका परत आली नाही. नव्या मेसमध्ये तिची सोय लागली होती. राजेश्रीच्या ओट्यामागच्या फरशा तशाच फुटक्या राहिल्या. त्या रंगाच्या आता मिळत नाहीत असं दुकानदार म्हणाला. भांडी घासताना तिची नजर तिकडं गेली की तिला अजून राग येतो.

लक्ष्मीबाई ज्वारी वाळेपर्यंत राजेश्रीकडंच राहिल्या. दोघी गच्चीवर ताडपत्रीवर बसून कोंब आलेले दाणे वेगळे करत. जे वाचलं त्याचं पीठ काढलं. ते ओलीच्या वासाचं होतं, भाकरी थापताना चिरत होती. बायनाबाई पहिला घास घेऊन म्हणाल्या, “चालतंय. लय वाईट न्हाई.” लक्ष्मीबाई मात्र ती भाकरी न खाताच उठल्या.