मंगचा रकाना

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण भिंतीवरचा नव्हे. सध्या मी कांदाचाळीत आडवा पडलो आहे. कांदे घरंगळू नयेत म्हणून माझी अडवण केली आहे. कांदेही कुणीतरी सांभाळायला हवेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मोताळ्याच्या एका सुताराने मला सागवानी चौकट ठोकली. मी आधी एका शिकवणीवर्गात होतो. तो वर्ग बंद पडला, तेव्हा अनुपमाताईंनी मला मागून घेतले आणि मी वांग्यांच्या क्रेटांवर बसून धामणगाव बढे गावाबाहेरच्या त्यांच्या शेतावर आलो.

ताईंचा मधला मुलगा धवल बोलताना अडखळायचा. शाळेत पोरे त्याची नक्कल करायची. एके दिवशी त्याने दप्तरच विहिरीत टाकले. ताई बी.एड. झालेल्या होत्या. त्यांनी कंबर कसली आणि मोठी हिमानी, धवल, धाकटी इरा अशा तिघांची शाळा ओसरीवर भरवली.

सुरुवातीला त्यांनी माझ्यावर पट्टीने रेघा मारून तासांचे वेळापत्रक लिहिले. ते आठवडाभरही टिकले नाही. विहिरीवरच्या मोटारीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची असली की ताईंचे यजमान शेखरभाऊ पिकाला पाणी द्यायला जायचे आणि सारे घर उशिरा उठायचे. हिमानीचे डोके सकाळी चालायचे, इराचे दुपारची झोप झाल्यावर, आणि धवल मोठ्याने वाचायचा तो फक्त चाळीत, कांद्यांसमोर. कांदे हसत नाहीत ना! शेवटी ताईंनी वेळा पुसून टाकल्या. तीन पोरांचे तीन रकाने आखले आणि चौथ्यावर लिहिले, ‘मंग’. आमच्याकडे ‘नंतर’ला मंगच म्हणतात. ज्याला जे आज नको, त्याने ते मंगमध्ये टाकायचे. मात्र आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी तो रकाना रिकामा व्हायलाच हवा.

शेजारच्या सिंधूताई थट्टा करायच्या, “अवो अनुपमा, हे शाळा हाये का पोळ्यायचा डबा? जवा पाहावं तवा उघडी!”

“उघडी हाये म्हणून तर पोरं आत येतात, काकू,” ताई हसून म्हणायच्या.

आणि पोरे खरोखर फुलली. माझ्यावरून रोज ओले फडके फिरायचे, आणि मला फार मान वाटायचा.

मग ताईंचे पोट दुखू लागले. लिहिता लिहिता त्या माझ्या चौकटीला धरून उभ्या राहायच्या.

“आज बुलढाण्याले दाखवून येऊ ना,” शेखरभाऊ म्हणायचे.

“आज धवलचं वाचन हाये. जाऊ मंग.”

पुढच्या खेपेला इराची बेरीज अडली होती, त्यानंतर हिमानीची बाहेरून द्यायची परीक्षा आली. तिघांच्या वेळा सांभाळणाऱ्या त्या बाईला माझ्यावर स्वतःसाठी बोटभर जागा सापडली नाही.

एके सकाळी धवलने खडू घेतला आणि चौथ्या रकान्यात लिहिले, ‘आईचा दवाखाना’.

“आई, म्या द... दवाखाना लिवला.”

“किती गोल काढला रे ‘द’!” म्हणत ताईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या आठवड्यात रकान्यातले सगळे उरकले, तेवढे एक राहिले. पुढच्याही आठवड्यात राहिले.

अखेर एका दुपारी त्या ओसरीवरच कोसळल्या. शेखरभाऊंनी त्यांना गाडीत घातले. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. ताई परत आल्या नाहीत.

तेरवी झाल्यावर इरा माझ्यासमोर हिमानीजवळ येऊन बसली. “ताई, आईले कवा आणाचं?”

“मंग,” हिमानी सवयीने बोलून गेली, आणि मग तोंडावर हात दाबून रडू लागली. धवलने खाली मान घातली. मला रडता येत नाही, मित्रांनो. तेव्हा यायला हवे होते.

आता तिघेही गावातल्या शाळेत जातात. धवल अजून अडखळतो, पण वाक्य पुरे झाल्याशिवाय खाली बसत नाही. हे ताईंना कळायला हवे होते.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, भिंतीवरही लावू नका. एवढेच करा. आज घरी गेल्यावर आईला विचारा, तुझे कुठे दुखते का? ती “काही नाही” म्हणेल. तेवढ्यावर गप्प बसू नका.