आर्डिसने मारलेली फुंकर

भोंगा सुरू झाला तेव्हा लेलँडची गाडी कापणी झालेल्या मक्याच्या शेतांमधून चालली होती. दिवेही आपोआप उघडझाप करायला लागले. शेजारच्या सीटवर त्याची आई आर्डिस, वय अठ्ठ्याहत्तर, अंगात मयताला घालायचा काळा कोट, हातात यंत्राची नळी धरून बसली होती.

"बंद कर ना रे हे."

"आई, तू फुंकलीस?"

"तू गाडी चालवत होतास. समोरून दुधाचा टँकर येत होता. मी म्हटलं, तू रस्त्याकडे बघ."

"आणि हॉलमध्ये काय प्यायलीस?"

"एक ब्रँडी. चेरी घातलेली. बर्निस वाईट वाटून घेते नाही म्हटलं तर. आज तिचा नवरा पुरलाय."

लेलँडने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. भोंगा थांबला. गाडी सुरू करायच्या आधी या यंत्रात फुंकायचं, आणि वाटेत ते पिंपिं करेल तेव्हा पुन्हा फुंकायचं, असा कोर्टाचा हुकूम होता. श्वासात दारू सापडली की ते बोंबलतं, फुंकणाऱ्याचा फोटो काढतं, आणि सगळं प्रोबेशनच्या, म्हणजे सुटलेल्यांवर नजर ठेवणाऱ्या, ऑफिसात पोचवतं.

विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा पिऊन गाडी चालवताना सापडलात तर पावती फाडतात, लायसन्स काही महिने काढून घेतात, झालं. गुन्हासुद्धा धरत नाहीत. त्यांच्या गावात बार अकरा आणि डॉक्टर एकही नाही. बाप्तिस्म्याला बिअर, लग्नाला बिअर, चर्चच्या जत्रेत बिअरचा तंबू, आणि पाद्रीच नळ सोडायला उभा. सगळं गाव मिळून माणसाला पाजतं, आणि चौथ्यांदा सापडला की तेच गाव 'अरेरे' म्हणून मान हलवतं. चौथ्या वेळेला तो गंभीर गुन्हा होतो. लेलँड आठ महिने कौंटीच्या तुरुंगात काढून आला. बापाची हरणाच्या शिकारीची रायफल चुलतभावाकडे गेली, कारण अशा गुन्हेगाराने आता बंदुकीला हात लावायचा नाही. मतदान नाही. ट्रक चालवायची नोकरी गेली. आता तो लाकडाच्या गिरणीत फळ्या रचतो. वर दोन वर्षांची शिक्षा डोक्यावर टांगलेली. प्रोबेशनचा नियम मोडला की ती खाली येणार. चौदा महिने त्याने थेंब घेतला नव्हता.

पाच मिनिटांनी यंत्र पुन्हा उघडलं. यंत्र बसवणाऱ्यांनी शिकवलं होतं तसं लेलँडने हुंकार देत लांब फुंकलं. यंत्राच्या काचेवर शून्य आलं. आर्डिसने ते शून्य पाहिलं आणि रुमालात तोंड घालून रडायला लागली. भोंग्याने घाबरली असेल, असं त्याला वाटलं. त्याने तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

पुढच्या सोमवारी लेलँडला प्रोबेशनच्या ऑफिसात बोलावलं, तिथे तीही आली. ये म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. लेलँडचं प्रकरण सांभाळणाऱ्या केसी थाओ बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पहिल्या फोटोत आर्डिस, गाल फुगलेले, डोक्यावर टोपी तिरकी. दुसऱ्यात लेलँड.

"चांगला नाही आला," आर्डिस म्हणाली.

"मिसेस विटकोव्स्की, दुसऱ्याच्या यंत्रात फुंकणं हाच गुन्हा आहे. माहीत होतं तुम्हाला?"

"वरच्या स्टिकरवर लिहिलंय की. चष्मा लावून वाचलंय मी."

"मग फुंकलंत का?"

"मॅडम, मी गाडी चालवत होतो," लेलँड मध्येच म्हणाला. "तिला वाटलं मदत करावी. चूक माझी, मी नळी काढून घ्यायला हवी होती."

"मी त्यांना विचारतेय, लेलँड. हे बघा आजी, मला कळवावं लागेल की यांनी प्यायली होती म्हणून तुमच्याकडून फुंकून घेतलं, की आणखी काही कारण होतं. त्यावर यांची दोन वर्षं ठरणार आहेत."

आर्डिसने पर्सची कडी उघडली, मिटली. पुन्हा उघडली. खोटं बोलायला तिला जमलं असतं. लेलँडच्या बापासाठी तिने चाळीस वर्षं गिरणीत फोन करून 'त्यांना ताप आहे' म्हणून सांगितलं होतं.

"त्याने काही सांगितलं नाही मला," ती म्हणाली. "हॉलमधल्या बारपाशी उभा होता, हातात तपकिरी ग्लास. त्याच्या बापासारखाच उभा होता. मला वाटलं, झालं. संपलं सगळं. सुरू करताना यंत्राने सोडलं त्याला, पण मला वाटलं, नुकतीच घेतलेली चढायला वेळ लागतो. मग गाडीत ते पिंपिं वाजलं. मी म्हटलं, माझी एकच झालीय, एकीने काय होतंय. त्याच्यापेक्षा माझी फुंकर बरी."

"कोला होता तो, आई."

"मला आता माहितीय."

"आठवडाभर तुला वाटत होतं..."

"आठवडाभर नाही. पाच मिनिटं. शून्य दिसेपर्यंत." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पण ती पाच मिनिटं खरी आहेत, लेलँड. मी विश्वास नाही ठेवला. लिहा बाई ते."

लेलँड उठून खिडकीपाशी गेला. बाहेर पार्किंगात त्याची गाडी उभी होती. थाओ बाई बराच वेळ टाइप करत राहिल्या.

"पाच मिनिटांनी तुमचं स्वतःचं शून्य आलं, म्हणून हे मी सुनावणीला पाठवत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "लेखी ताकीद. तीन महिने दर आठवड्याला इथे येऊन तपासणी. आणि आजी, तुम्ही मागच्या सीटवर बसायचं."

"मागे मला मळमळतं."

"मग चालत जा."

आर्डिसला बाई आवडल्या.

लेलँडने तिला मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. पुढे येऊन फुंकलं. शून्य आलं, तशी यंत्राची वायर ताणून त्याने ती काच खांद्यावरून मागे धरली.

"कशाला दाखवतोस," ती म्हणाली. "मी विचारलं का?"

"बघ तरी."

तिने पर्समधून चष्मा काढला, लावला, आणि नीट बघितलं. मग तीच म्हणाली, "चल आता. पिंपिं करायच्या आत घरी पोचू."