तांब्यावरचा पेला

गोदावरीला घरात कडी लावलेली चालत नसे. भूकंपाच्या पहाटे ती किल्लारीजवळ माहेरी होती. चार वर्षांच्या राजश्रीला काखोटीला मारून बाहेर पळाली आणि मागं घर बसलं. तेव्हापासून लातूरच्या आपल्या घरातल्या दारांच्या कड्या तिनं काढूनच टाकल्या. शिवाय पलंगाशी पाण्याचा तांब्या आणि त्यावर उपडा पेला. जमीन हलली की पेला पडणार, आवाज होणार. त्या दिवसांत सगळा जिल्हाच असं काहीबाही मांडून झोपायचा. पुढं लोक विसरले, पण राजश्री बारावीला आली तरी गोदावरीचा पेला जागेवर होता. लोक हसायचे. हसेनात का! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

राजश्रीला मात्र लाज वाटायची. आईनं 'भूकंप' म्हणून ओरडायचं, सगळ्यांनी गल्लीत जाऊन उभं राहायचं आणि निघायचा तो जाणारा ट्रक! शेवटी तिनं बजावलं होतं, "आई, आता तू कितीबी ओरड, मी पुस्तकावरून उठणार न्हाई."

त्यात ऐन परीक्षेच्या तोंडावर भारनियमन. तिचे वडील रेणुकादास तहसील कचेरीत कारकून. त्यांनी आधी इन्व्हर्टर बसवला. पण इन्व्हर्टर भरायलाही वीज लागते, आणि ती असायची कुठं? बॅटरी अर्धपोटी राहायची आणि अभ्यासाच्या वेळी मान टाकायची. मग त्यांनी रॉकेलवर चालणारा एक जुना जनरेटर आणून परसात ठेवला. "अख्खं लातूर अंधारात बुडू दे," ते मिशीत हसत म्हणाले, "माझी पोरगी उजेडात बसणार."

जनरेटर कसला, पिठाची गिरणीच ती! शेजारच्या वहिदाभाभींचे सासरे आजारी होते. त्या भिंतीवरून संकोचत म्हणाल्या, "वैनी, बाबांचा डोळा लागून न्हाई राहिला. आवाजाचं जरा बघता का?" शेजारधर्म पाळायलाच हवा. त्या संध्याकाळी रेणुकादासांनी मशीन मागच्या खोलीत घेतलं, परसाचं दार ओढून घेतलं. थंडीमुळं खिडक्या लावलेल्याच होत्या. आवाज निम्मा झाला. वास यायला लागला तेव्हा ते म्हणाले, "उदबत्ती लाव." गोदावरीनं लावली.

तासाभरानं ती भाकरी थापत होती. कपाळ मघापासून ठणकत होतं. एकाएकी परात डावीकडं सरकल्यासारखी वाटली, फरशी पायाखाली झुलली, आणि ती थापती भाकरी टाकून उठली.

"अहो, उठा! राजी, बाहेर! भूकंप!"

"आई, पुरे!" आतल्या खोलीतून जड आवाज आला.

डोकं धरून पडलेले रेणुकादास धडपडत उठले. पळता पळता गोदावरीची नजर पलंगाशी गेली. पेला तांब्यावर जसाच्या तसा होता. तरी ती थांबली नाही. भीतीपुढं डोळ्यांचं कोण ऐकतं?

ओरडा ऐकून वहिदाभाभी कंदील घेऊन गल्लीत आल्या. "वैनी, काय झालं? हिकडं तर काहीच हललं न्हाई."

"पेला बघितलास का?" रेणुकादास भिंतीला टेकून करवादले. "हललाय का तो? पोरीचा अभ्यास…" पुढचं राहिलंच. ते गटारीकडं वळले आणि भडाभडा ओकले.

गार वाऱ्यात गोदावरीचं डोकं जरा हलकं झालं. इथं जमीन घट्ट होती. घरात मात्र झुलत होती. पेला तर पडला नव्हता. मग झुललं ते आपलं डोकं. यांचंही. हे घरातलंच काहीतरी आहे. तिनं मागं पाहिलं. राजीच्या खिडकीत लख्ख उजेड होता आणि मागं मशीन चालू होतं.

"धूर!" ती किंचाळली. "राजी!"

मघाशी चिडून तरी बोलली होती पोर. आता शब्द नाही. गोदावरी इतकी त्या पहाटेही भ्याली नव्हती.

पदर नाकाला लावून ती आत शिरली. राजीच्या खोलीचं दार ढकलताच उघडलं. राजश्रीचं डोकं वहीवर टेकलेलं होतं, बोटांत पेन तसंच होतं. कडेवर घ्यायचं वय कधीच सरलेलं. गोदावरीनं तिच्या बगलेत हात घालून ओढायला सुरुवात केली. उंबऱ्याशी पोर अडकली. तेवढ्यात ओढणीनं तोंड बांधून वहिदाभाभी धावत आल्या आणि त्यांनी पोरीचे पाय उचलले. रेणुकादास परसातून वळसा घालून गेले, दार सताड उघडून त्यांनी मशीन बंद केलं. घर अंधारात बुडालं.

वहिदाभाभी रिक्षा आणायला धावल्या. गोदावरी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन गल्लीत बसली. गालावर चापट्या मारल्या, हाका मारल्या. मग पोर खोकली. डोळे किलकिले करून तिनं आईचं मनगट गच्च धरलं.

"आई… हलतंय गं. जमीन हलायलीय."

गोदावरीनं तिचा तळहात उघडला आणि गल्लीतल्या गार मातीवर सपाट टेकवून वरून आपला हात दाबून धरला.

"न्हाई राजी," ती म्हणाली. "काहीच हलत न्हाई. घट्ट हाय बघ जमीन."