घरटी एक वस्तू

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि हाताला काम हवं होतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या बालघरातली मांडणी आवरायला घेतली.

जानेफळमध्ये आईनं सव्वीस वर्षं हे मोंटेसरी बालघर चालवलं. दोन खोल्या, एक अंगण, अडीच ते सहा वर्षांची एकोणीस मुलं. मी पुण्याहून सहा महिन्यांची रजा घेऊन आले होते. चालू वर्ष पार पाडायचं, पुढचं पुढे बघायचं, एवढंच ठरवलं होतं.

मांडणीच्या खालच्या दोन फळ्यांवर काय काय होतं! पोचे पडलेला तांब्या, कडेला चिंध्या शिवलेलं छोटं सूप, एकमेकींशी न जुळणाऱ्या वाट्या, एक पितळी माप, चहाची गाळणी. पैसे कमी पडले म्हणून आईनं मिळेल ते गोळा केलं असावं, असं मला वाटलं. मी नागपूरहून नवीन साहित्य मागवलं. एकसारख्या पांढऱ्या सुरया, लाकडी तबकं, सुबक चिमटे. जुनं सगळं पोत्यात भरून मागच्या खोलीत ठेवलं. भंगारवाला आला की द्यायचं होतं.

सुट्टीनंतर मुलं आली आणि पाहुण्यांसारखी वागू लागली. गुलाबी मनोरा रचायची, मण्यांशी बसायची, पण खालच्या फळ्यांकडे जात नव्हती. सगळ्यात जास्त बदलली काजल. साडेचार वर्षांची. आईच्या वहीत तिच्याविषयी लिहिलं होतं, 'काजल ज्वारी मोजते. आज बारा मापं. थांबवू नये.' आता ती मांडणीसमोर हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि मग खिडकीशी जाऊन बसायची. तिला माझ्या आईची आठवण येत असेल, असं मी वहीत लिहिलं. त्या दिवसांत मला सगळ्यांच्याच तोंडावर तेच दिसायचं.

जानेवारीत एका सकाळी काजलला घेऊन तिची आजी, गोजरबाई, दारात उभी राहिली. घरची तूर काढणी चालू असणार. पदराला भुसा चिकटलेला होता.

"बाई, पोट्टीचं नाव शाळेतून काढाचं आहे. आन् माहं माप दे."

"कुठलं माप, आजी?"

"कुठलं म्हणते! माह्या सासूचं. पावशेराचं, पितळेचं. तुह्या मायनं मांगून नेलं होतं, मी काही उकिरड्यावर टाकलं नव्हतं."

मी तिला खुर्ची दिली. ती खाली सतरंजीवर बसली.

"पोट्टीच्या बापानं, गोकुळनं, मेहकरच्या विंग्रजी शाळेत बोलून ठेवलं. जूनपासून गाडी दारात येते. तवरोक घरीच राहीन पोट्टी."

"पण झालं काय?"

"पोट्टी दिवाळीनंतर घरी आली आन् म्हने, आजी, आपलं माप फेकून देलं. दोन दिस धड जेवली नाही. माह्या घरची वस्तू तुमाले चालत नाही, तं माह्या घरचं लेकरू काऊन चालते?"

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुह्या घरी मरन झालेलं. तुले कोन बोलंन? दोन महिने थांबलो आमी."

कामाला येणाऱ्या रुख्मिणीमावशी दाराशी हात पुसत उभ्या होत्या. त्या दिवाळीत लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी बदललेली मांडणी पाहिली होती आणि काहीच म्हटलं नव्हतं.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"हाव. मले वाटलं, तुमच्या मनात काही असंन."

मी मागच्या खोलीतून पोतं ओढत आणलं. ते अजून तिथं होतं एवढंच माझं नशीब. दोन महिन्यांत भंगारवाला या गल्लीत फिरकला नव्हता. पोतं सतरंजीवर उपडं केलं. गोजरबाईनं आधी स्वतःचं माप उचललं, पदरानं पुसलं, कानाशी धरून त्यावर टिचकी मारली. मग बाकीच्या वस्तूंकडे पाहून तिला राहवेना.

"हा तांब्या सोहमच्या घरचा. पोचा त्याच्या बापानं पाडेल, लहानपनी. हे सूप निशिगंधाच्या आत्याचं. ह्या वाट्या... रुख्मिणे, ह्या कोनाच्या व?"

"येकीची येक, दुसरीची येक," मावशी म्हणाल्या. "पान्याच्या टाकीजवळच्या दोघी जावांच्या. बोलत नाहीत येकमेकीशी. वाट्या मात्र इथं संगं राहत."

तेव्हा मला कळलं. प्रत्येक मुलामागे त्याच्या घरची एक वस्तू. मूल पहिलीत गेलं की वस्तू घरी परत, असं मावशींनी सांगितलं.

"आणि ही गाळणी कोणाची?"

गोजरबाईनं गाळणी माझ्या हातात दिली. "तुमच्याच घरची. बाई म्हने, सगळ्यांच्या लेकराचं येक येक ठेवलं, माह्या मधुवंतीचंही येक असू द्या."

गाळणीच्या दांड्याला हिरवा दोरा गुंडाळलेला होता. तो मीच कधीतरी गुंडाळला होता. मी गाळणी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, आणि फळीवर ठेवली.

"आजी, मापही राहू द्या. माझी चूक झाली."

"असं नसते," ती उठत म्हणाली. तिनं माप ओच्यात खोचलं, काजलचं बोट धरलं. "तुही माय मांगाले घरी आल्ती."

ती गेल्यावर मी मावशींना विचारलं, आई घरी जाऊन काय म्हणायची?

"काई नाही. च्या प्याची. आन् येकच इचाराची, लेकरू घरात कायले हात लावू मागते, आन् तुमी लावू देत नाही?"

त्याच संध्याकाळी मी गेले. नोंदींची वही पिशवीत होती, ती पिशवीतच ठेवली. गोजरबाई ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. काजल दोन हात लांब बसून अडकित्त्याकडे असं बघत होती, की मी आलेलं तिला कळलंही नाही.

चहा झाला. तुरीला या वर्षी शेंग बरी आहे, हे बोलून झालं. पुण्याला सुपारी केवढ्याला मिळते ते मला सांगता आलं नाही, त्यावरून गोजरबाई हसली. "येवढं शिकली, आन् सुपारीचा भाव नाही मालूम!"

मग मी विचारलं. आईचेच शब्द, माझ्या पुणेरी उच्चारात. मधेच शब्द चुकला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागलं.

गोजरबाईनं नातीकडे पाहिलं. काजलनं बोट पुढे केलं. मापाकडे नाही, अडकित्त्याकडे.

"पाह्य! हेच ते. दिवसभर माह्या मांग मांग. बोट तोडून घेईन म्हणून मी हे कंबरीले खोसून झोपते!"

"मोजणं संपलं असेल तिचं," मी म्हटलं. "आता कापायचं आहे."

"माहा अडकित्ता मी कोनाच्या हाती देत नाही. बाईलेही देला नसता."

"मग तुम्ही त्याच्यासोबत या. सकाळी अर्धा तास. पण आमच्याकडे मोठ्यांनी गप्प बसायचं असतं. मूल चुकलं तरी."

"बोट कापलं तरी?"

"बोट कापायच्या आधी बोलायचं."

तिनं सुपारीचं खांड गालात ठेवलं.

"आणि मेहकर?" मी विचारलं.

"गोकुळले मी सांगते. माहं माप तिथं कोन ठेवीन?"

सोमवारी घंटेआधीच ती अंगणात आली. माप तिनं स्वतः फळीवर ठेवलं, तांब्या आणि सुपाच्या मधे, आणि जरा मागे सरून ते सरळ आहे का पाहिलं. जुन्या वस्तूंना जागा व्हावी म्हणून मी नव्या सुरयांची एक ओळ उचलून वरच्या फळीवर ठेवली होती. मग ती सतरंजीवर काजलसमोर बसली आणि अडकित्ता तिच्या हातात दिला.

काजलनं दोन्ही हातांनी दाबला. सुपारी निसटली, टणकन मांडणीखाली गेली. काजल उठली, पालथी पडून ती काढून आणली, पुन्हा बसली. पुन्हा निसटली. मी गोजरबाईकडे पाहिलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, आणि डोळे वटारून ती माझ्याकडे बघत होती.