न केलेल्या गुन्ह्यावर सही

"दीक्षा, न केलेलं केलं म्हणू नकोस. वचन दे," आई शेवटच्या आजारपणात म्हणाली होती. रोज पंचशील म्हणताना, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी तिचा आवाज आठवतो.

विनाहेल्मेटचं चलन माझ्या नावावर आलंय. चलनासोबतच्या कात्रजच्या फोटोतली स्कूटर काळी, माझी पांढरी. चौकीत म्हणतात, "ऑनलाइन तक्रार करा." ऑनलाइन उत्तर येतं, "चौकीत भेटा." तीन खेपा झाल्या.

शेवटी एका वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "अहो ताई, गुन्हा कबूल करा, पाच मिनिटांत सुटाल. रंगासाठी कोर्टात उभ्या राहणार?"

"रंगासाठी नाही, साहेब."

"मग बसा तारखा मोजत."

त्यांनी पुढे केलेला कबुलीचा कागद मी सही न करताच परत दिला. आज पहिली तारीख. बुद्धवंदना झाली, पांढऱ्या स्कूटरचा फोटो पिशवीत ठेवला आणि वाघोलीच्या थांब्यावरून एकटीच कोर्टाकडे निघाले.