बरणीला लागलेला हात

मामांच्या दुकानात ब्रँडीत मुरवलेली फळं मिळायची आणि ती मुरवायची मामांच्या भाचीने. दुकान वर, बरणी खाली तळघरात आणि भाची सदैव बरणीपाशी. गिऱ्हाइकं गमतीने तिला ‘तळघरबाई’ म्हणायची. सुरुवातीला तिलाही हसू यायचं, पुढे पुढे येईनासं झालं.

बरणी चिनी मातीची, कमरेइतकी उंच. हंगामात जे फळ येईल ते तिच्यात पडायचं. आधी स्ट्रॉबेरी, मग चेरी, जर्दाळू, प्लम आणि शेवटी द्राक्षं. फळ धुऊन, पुसून, खडखडीत कोरडं करून घालायचं. वर साखर, त्यावर ब्रँडी, आणि फळं तरंगू नयेत म्हणून एक जड ताटली. फळ आपलं पाणी सोडतं आणि दारू मवाळ होते, म्हणून मधूनमधून चाखायचं, कमी वाटली तर कडक दारूची भर घालायची. हे चुकलं तर बरणी फसफसते आणि सगळी मेहनत पाण्यात. थंडी पडली की बरणी उघडायची. मग कुणी रस पेल्यात घ्यायचं, कुणी फळं आइस्क्रीमवर.

यात अवघड काही नव्हतं. अवघड होती ती घरची रीत. बरणी कधी रिकामी करायची नाही. तळाचा पळीभर जुना रस नव्या बरणीत ओतायचा. आणि ज्याच्या हाताने तो रस पडला त्यानेच पुढचं वर्षभर तिचं सगळं बघायचं. दुसरा हात लागला की चव बिघडते, हे मामांच्या आईने ठरवलं होतं. म्हातारी गेली, शब्द मागे ठेवून गेली. तिच्या हयातीतच हा हात मामीकडे आला होता. पण मामीचे गुडघे गेले, जिना झेपेना, तेव्हा ‘एवढं एक वर्ष’ म्हणून पळी भाचीकडे आली. आईबाप नसलेल्या पोरीला मामाच्या घरात ‘नाही’ म्हणायची चोरी. ते एक वर्ष मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं.

यंदा उन्हाळ्यात एका हॉटेलचा आचारी दुकानात आला. गेल्या थंडीतल्या बाटलीतली चेरी तोंडात टाकून त्याने लगेच दुसरी उचलली. मग म्हणाला, “माझ्याकडे ये. गोडाचं सगळं तू बघायचंस. बरणी उघडेपर्यंत जागा धरून ठेवतो, त्यापुढे मात्र नाही हं.”

हॉटेल दुसऱ्या शहरात होतं आणि तिथल्या स्वयंपाकघराला मोठ्या खिडक्या होत्या. तिने मामांना सांगितलं.

“बरणी उघडली की बघू,” मामा म्हणाले. मामांचं ‘बघू’ म्हणजे भिजत घोंगडं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी ते असंच ‘बघू’ म्हणाले होते आणि पळी तिच्या हातात देऊन वर निघून गेले होते. त्यानंतर वर्षभर तिला वाटायचं, ती जड ताटली फळांवर नाही, आपल्याच छातीवर ठेवलीय.

बरणी उघडली त्या दिवशी दुकानात ही गर्दी. शेजारी नवी बरणी घासूनपुसून तयार होती. “पळीभर ठेव गं,” मामा जिन्यावरून ओरडले. “हो,” ती म्हणाली आणि बाटल्या काठोकाठ भरत सुटली. ज्याला त्याला वर चार फळं जास्त. शेवटच्या गिऱ्हाइकाच्या बाटलीत तिने बरणी तिरकी करून थेंब न् थेंब निथळवला.

मामा खाली आले, बरणीत डोकावले.

“हे काय गं?”

“संपलं, मामा.”

“संपलं म्हणजे?”

“गिऱ्हाईक होतं. दिलं.”

ते ओरडतील म्हणून ती मनाशी उत्तरं जुळवून बसली होती. पण मामा जमिनीवरच बसले. “आईपासूनचा रस होता तो,” एवढंच म्हणाले आणि चक्क रडायला लागले. आपण सुटलो याचा आनंद व्हायचा होता, तो काही होईना.

तेवढ्यात जिन्यावर खरडल्यासारखा आवाज आला. मामी एकेक पायरी बसत बसत खाली येत होती, बगलेत बाटली.

“रडू नका. आहे रस,” ती म्हणाली. “सासूबाई दरवर्षी थोडा बाजूला काढायच्या. मीही काढते, वर आलेल्या बाटल्यांतून.”

भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. “पण का, मामी?”

“लग्नानंतर मीही एकदा बरणी अशीच कोरडी केली होती. माहेरी जायचं होतं मला, कायमचं. तेव्हा सासूबाईंनी अशीच एक बाटली आणून माझ्या हातात दिली.”

मामा रडायचे थांबले. त्यांना हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मामीने बाटली पुढे धरली. आणि भाचीचा हात, तिने न सांगताच, बाटली घ्यायला पुढे झाला. सवय, दुसरं काय! स्वतःच्याच हाताची तिला भीती वाटली.

मामीने त्यावर फटकन चापट मारली. “मागे घे तो.” तिने दातांनी बूच उपसलं आणि सगळा रस स्वतःच्या हाताने नव्या बरणीत ओतला. “झालं. आता हात माझा.”

“अगं, तुला जिना उतरवत नाही!” मामा म्हणाले.

“नाहीच उतरवत. म्हणून तुम्ही मला रोज धरून आणायचं. सकाळ-संध्याकाळ.”

भाचीने मामीचा हात धरला. तिला रडू आवरेना. “मामी, मी थांबते हवं तर.”

“थांबलीस तर याद राख,” मामी म्हणाली आणि धापा टाकत खालच्या पायरीवर बसली. जिना अरुंद होता. भाचीला वर जायला वाट व्हावी म्हणून तिने आपले दुखरे गुडघे दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतले.